नकार दिला तरी पाहुणे उठंनात

नकार ऐकल्यावर माणसानं निघावं, का चार तास त्याच घरात बसावं? राम राम मंडळी.

आज नातीला बघायला लातूरचे पाहुणे बॅटरीच्या कारमधी आले. नात तोंडावरच म्हणाली, "मला पसंत न्हाई." पण गाडीचं चार्जिंग संपलेलं! वायर आमच्याच बोर्डात लावली. नात साडीतच आतल्या खोलीत कोंडून बसली, अन् नकार दिलेल्या नवरदेवाला मी पिठलं-भाकर वाढली.

जेवता जेवता तो म्हणतो, "आजी, आता नवी बॅटरी यायलीय. धा मिनटात भरती."

"मग ती आल्यावरच यायचं की, बाबा!"

स्थळ आणणारा माझा भाऊ दाजीबा मातर नकार ऐकताच पेट्रोलच्या मोटरसायकलवर ताडकळसला पळाला. दाजीबा, तू ह्याच ग्रुपात हाईस. पुढचं स्थळ पेट्रोलच्या गाडीत आणणार का न्हाई? तूच सांग. बाकीच्यांनी गप बसा.