दुसऱ्या तबकडीची कडा

२००६ च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, बर्लिनमधल्या एका ध्वनिसंग्रहात १९४५ सालची एक तबकडी वाजवण्यात आली. उत्तर जर्मनीतल्या एका कॅनेडियन लष्करी रुग्णालयात ती रेडिओसाठी मुद्रित झाली होती. जखमी सैनिक आणि परिचारिका देशभक्तीची गाणी म्हणत आहेत, एवढाच मजकूर सोबतच्या कागदांत होता.

तबकडी घेऊन आलेल्या बाई टोरांटोच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांची आई त्या रुग्णालयात परिचारिका होती. बाई अगदी लहान असताना ती वारली. तिचा आवाज कसा होता हे त्यांना आठवत नव्हतं आणि सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. तो या तबकडीत आहे का, एवढंच त्यांना हवं होतं.

पुण्यातली वृत्तपत्राची नोकरी सोडून मी बर्लिनला आले होते आणि दुभाष्याची कामं करत होते. संग्रहाच्या प्रमुख बाई जर्मनच बोलत. यंत्रावर सोलापूरचा एक संशोधक होता. जुन्या ध्वनिमुद्रणांवर त्याची पीएचडी चालली होती. तबकडीवरचा थर कडेला पोपडे धरत होता. ती एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही, असं त्यानं आधीच सांगितलं. मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाजवा."

त्यानं यंत्राला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"हे गरजेचं आहे?" प्रमुखांनी विचारलं.

"गेनाऊ, अगदी," तो म्हणाला. "आमच्याकडे याशिवाय पेटीला कुणी हात लावत नाही."

सगळ्या तबकड्यांवर टेकवतात तशी त्यानं सुई बाहेरच्या कडेवर टेकवली. खरखर झाली, सुई बाहेर घसरली आणि थराचा एक पोपडा निघून आला.

"आल्झो, म्हणजे रिकामी आहे," प्रमुख म्हणाल्या.

मी बाईंकडे वळले, तेवढ्यात तो मराठीत ओरडला, "ताई, थांबा! काकूंना काही सांगू नका. ही उलटी आहे!"

"उलटी म्हणजे?"

"सुई आत जायला हवी होती, ती बाहेर गेली. तबकडीवरच्या चिठ्ठीवर दोनचा आकडा बघा. रेडिओवाले पहिली तबकडी बाहेरून आत कापायचे आणि दुसरी आतून बाहेर. बदलताना आवाजात फरक पडू नये म्हणून. पहिली मध्याशी संपते, दुसरी मध्यापासून सुरू होते. मला हे माहीत होतं, ताई! सवयीनं हात कडेवर गेला."

"मग आत्ता पोपडा निघाला तिथं काय होतं?"

"शेवट," तो म्हणाला.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची यंत्राजवळ ओढली.

त्यानं सुई मध्याजवळ टेकवली. कुणीतरी खोकलं. खाट करकरली, पियानोचे दोन सूर आले. मग एका तरुण बाईचा आवाज खोलीभर घुमला, "उभं राहता येतं त्यांनी उभं राहा. बाकीच्यांनी जास्त मोठ्यानं गा!" मागून हशा उठला आणि सगळा वॉर्ड गायला लागला. प्रमुखांचा पाय जमिनीवर ठेका धरत होता.

बाईंनी माझं मनगट धरलं. "ही तीच का?"

"अजून सांगता येत नाही," मी म्हणाले.

"ताई, किती कोरडं बोलता!" संशोधक यंत्रावरची नजर न काढता म्हणाला. "उद्याच्या अंकात छापायचंय का?"

"नाव आल्याशिवाय नाही."

"आधी हातातली पेन्सिल सरळ धरा."

ती खरंच उलटी होती.

गाण्यामागून गाणं झालं. सुई कडेकडे सरकत होती आणि प्रत्येक फेऱ्याला खरखर वाढत होती. शेवटचं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. निवेदकानं सैनिकांचे आभार मानले. सगळ्यांकडून गाणी ज्यांनी म्हणवून घेतली त्या सिस्टर, असं म्हणून तो नाव घेऊ लागला. पहिलं नाव आलं. बाई उठून उभ्या राहिल्या. मध्ये एक मोठी खरखर आली. मग आडनाव आलं, पूर्ण आणि स्वच्छ.

ते त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव होतं.

पुढच्याच फेऱ्यात सुई कडेवरून घसरली. पोपडा निघाला होता ती जागा आडनाव संपल्यानंतरची होती.