चटईतली बंदूक

दुसऱ्याची बंदूक लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळून, मोपेडला आडवी बांधून, मी ओरत्तनाडूहून तंजावूरला निघालो. माझ्याकडे बंदुकीचा परवाना नव्हता. नोकरी मात्र होती, तीही बंदूक परवान्यांच्या सेक्शनला. वीस वर्षांची.

बंदूक सेतुमामांची. एकनळी. शेतात रानडुकरं येतात म्हणून त्यांच्या वडिलांनी घेतलेली, पुढे मामांच्या नावावर झाली. अलीकडे तिचं काम एकच : खंडेनवमीला कोयता, पंप आणि ट्रॅक्टरच्या किल्लीशेजारी बसून गंध लावून घ्यायचं.

पण मामा विसरायला लागले होते. एका सकाळी त्यांनी ओट्यावरून दूधवाल्यावर बंदूक रोखली. "कोण रे तू?" दूधवाला त्यांच्याकडे तीस वर्षं येतोय. नशीब, बंदूक रिकामी होती. काडतुसं मामीला नंतर तूरडाळीच्या डब्यात सापडली.

मामीचा मला फोन. "तू बंदुकीचा ऑफिसर ना? येऊन घेऊन जा."

"मामी, मी क्लार्क."

"न्यायला ऑफिसर कशाला लागतो?"

नियमाचा रस्ता सोपा होता. मामांनी अर्ज लिहायचा, बंदूक पोलिस स्टेशनला जमा करायची. परवाना माणसाच्या नावाचा असतो. दुसऱ्या कुणी बंदूक रिपेअरला किंवा रिन्यूअलला न्यायची, तर परवानेवाल्याची लेखी चिठ्ठी सोबत हवी. ती नाही म्हणून मी किती लोकांना काउंटरवरून परत पाठवलं असेल, देव जाणे.

मी पोचलो तेव्हा मामा जेवून झोपलेले. मामीनं बंदूक हातात दिली, तीन काडतुसं माझ्या रिकाम्या टिफिनमध्ये टाकली. "उठायच्या आत नीघ." मी बंदूक जमा करायला निघालो. माणूस घाईत असला की आधी चिठ्ठीच विसरतो. हे मी इतरांना नेहमी सांगायचो.

चेकपोस्टवर कॉन्स्टेबलनं थांबवलं. "सार, चटईला नळी कधीपासून यायला लागली?" त्यानं चटई उलगडली. दस्त्यावर वाळलेलं गंध. "ही बंदूक की देव?"

स्टेशनात सब-इन्स्पेक्टर मॅडम बसल्या होत्या.

"लायसन्स?"

"मॅडम, लायसन्सच्या फायली माझ्याच टेबलावर असतात."

"तुमचं लायसन्स?"

"नाही."

"चिठ्ठी?"

मी टिफिनकडे बघितलं.

"राव सार तुम्हीच ना? माझ्या मामेभावाला चिठ्ठीसाठी तीनदा परत पाठवलंत."

बंदूक कुणाची ते विचारून त्यांनी मामांच्या घरी फोन लावला. नेमका मामांनीच उचलला. "माझी बंदूक? कपाटात आहे. थांबा, बघतो." मग फोनमधून सगळ्या स्टेशनला ऐकू गेलं : "चोरी!"

मॅडमनी पेन उघडलं. "मालक चोरी म्हणतोय. केस लिहू, की बंदूक घरी पाठवू?"

केस लिहिली तर माझी नोकरी जाणार. घरी पाठवली तर उद्या सकाळी पुन्हा दूधवाला येणार, आणि बंदूक रिकामीच असेल याची खात्री कोण देणार? मी सगळं सांगितलं, डाळीच्या डब्यासकट. आमच्या अर्जात पानभर रकाने आहेत. घरच्या बाईला काय वाटतं, तो एक नाही. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय : तो रकाना पहिला हवा.

मॅडमनी पेन बंद केलं. "दोघांना इथं बोलवा."

ऑटोतून मामा उतरले, इस्त्रीची वेष्टी नेसून, मागे मामी. मामांनी बंदूक उचलली, नळी खाली वाकवून आत पाहिलं, अंगठ्यानं गंध पुसलं. हात जराही चुकला नाही.

"सार, घरी नेता की इथं ठेवता?" मॅडमनी विचारलं.

मामांनी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "दूधवाला आता दूध फाटकाबाहेर ठेवून पळतो."

"का?"

"तुम्ही बंदूक रोखलीत त्याच्यावर."

"मी? मुरुगनवर?"

मामांनी बंदूक मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "कागद द्या."

त्यांनी सावकाश तमिळमध्ये लिहिलं : परवाना परत, बंदूक जमा. खाली सही, स्वच्छ. मग विचारलं, "खंडेनवमीला गंध कोण लावणार?"

"तुम्हीच या," मॅडम म्हणाल्या. "आमच्या रायफलींचीही पूजा असते."

माझ्यावर केस झाली नाही, पण मॅडमचा रिपोर्ट आमच्या ऑफिसात गेला. मला मेमो आला आणि त्याचा लेखी खुलासा आम्ही काउंटरवर लोकांना शिकवतो त्याच नमुन्यात द्यावा लागला. धडा घ्यायचाच तर एवढा : चांगलं काम करायला निघालात तरी खिशात चिठ्ठी हवी.

त्या दिवशी निघताना मामा दारात थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. हा कोण, हे त्यांना आठवत नसावं. मॅडमना म्हणाले, "या माणसाला कधी परवाना देऊ नका. साधी चिठ्ठी लक्षात राहत नाही त्याच्या."