सोपानरावांची गाडी आणि माझं डांबर

सोपानराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या घरी गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेत होतो. त्यांचा मुलगा संतोष बोलत होता. "काका, आबा गेले," एवढंच म्हणाला, आणि जरा थांबून, "मावशीला बेतानं सांगा." ते आजारी होते, दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, त्यामुळे बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. खरं सांगायचं तर जिना उतरताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की दहाव्याला आपल्याला बोलावं लागणार. आमच्या भागात दहाव्याला घाटावर माईक असतो, आणि मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं असल्यामुळे नात्यागोत्यातल्या कुठल्याही दहाव्याला तो माझ्या हातात येतोच. याही वेळी आला. त्या दिवशी मी जे बोललो ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. घाटावर जमलेल्या माणसांना पुन्हा एका जागी बसवणं माझ्या हातात नाही. त्यातले बरेच जण पेपरची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथे.

सोपानराव माझे साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, शालनचा नवरा. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात त्यांची डाळिंबाची बाग आहे. माणूस उंच, सावकाश बोलणारा, आणि हातात घेतलेलं काम दुसऱ्याला न देणारा. ठिबकची नळी असो की घरातला मिक्सर, आधी स्वतः उघडून बघायचे. मला ते 'सर' म्हणायचे. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. घेतल्यावर आठवड्याभरात माझ्याकडे आले आणि चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "सर, गाडी चांगली हाय, पण आत बसलं की पिठाच्या गिरणीत बसल्यागत वाटतंय."

"डिझेल गाडी आहे, आवाज करणारच. काचा लावत जा."

"काचा लावूनच सांगतोय."

मग त्यांनी ठरवलं की गाडीचा आवाज आपणच घरी बंद करायचा. डाळिंबं निवडायच्या शेडमध्ये गाडी उभी केली आणि फोनवरचे व्हिडिओ बघून एकेका दाराचं आतलं पॅड काढलं. स्क्रू आणि क्लिपा डाळिंबाच्या क्रेटमध्ये, प्रत्येक दाराचा क्रेट वेगळा. मी गेलो तेव्हा दाराचा उघडा पत्रा दिसत होता. त्यावर त्यांनी टरबुजावर मारतात तशी टिचकी मारली. "ऐका. ठण्ण वाजतोय. ह्यो पत्राच सगळा गोंगाट करतो. याच्यावर आतून एक जाड काळी शीट चिकटवायची, म्हणजे त्याचा आवाज मरतो. मनीषा मागवून देती म्हणाली." मनीषा ही त्यांची मुलगी, नोकरीनिमित्त नागपूरला असते.

मी शीटची किंमत ऐकली आणि माझ्यातला शिक्षक जागा झाला. आमच्या गच्चीला गळतीसाठी डांबरी शीट मारली होती, तिची एक गुंडाळी माळ्यावर पडून होती. मी म्हणालो, "अहो, ती काळी शीट म्हणजे दुसरं काय? डांबरच. गाडीचं म्हणून दामदुप्पट लावतात. माझ्याकडे आहे, ती घ्या."

"गच्चीचं गच्चीला, गाडीचं गाडीला, सर. चालंल का?"

"न चालायला काय झालं? पत्रा तो पत्रा."

त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा खात्रीनं सांगितलं. मग मीच ती गुंडाळी घेऊन शेळगावला गेलो. शालन त्या दिवशी घरी नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ती कापली, शालनच्या जुन्या लाटण्यानं दाबून दाबून बसवली. संध्याकाळी सोपानरावांनी टिचकी मारली तेव्हा 'ठण्ण'चं 'ठप' झालं होतं. मी फार खूश होऊन घरी आलो.

हे हिवाळ्यात झालं. मे महिन्यात भवानीनगरला नात्यातलं एक लग्न होतं. ऊन कसं असतं ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. मंगल कार्यालयापुढच्या उघड्या मैदानात गाडी तासभर उभी होती. अहेराची पिशवी गाडीत राहिली म्हणून शालन ती आणायला गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या मोतिया साडीवर गुडघ्यापासून खाली काळाकुट्ट ओघळ होता. दारांच्या खालच्या फटींतून डांबर पाघळून बाहेर आलं होतं. गाडीत असा वास, की आत डोकं घालवेना. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "काय आबा, रस्त्याचं टेंडर घेतलंय का काय?" दुसरा म्हणाला, "आन् सुरुवात घरच्या साडीपासनं." सगळे हसले. सोपानराव शांतपणे म्हणाले, "नाद, दुसरं काय. गच्चीचं डांबर घातलं गाडीला. माझं डोकं चाललं न्हाय."

मी तिथे जिलबीची ताटली हातात घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला... ते मी त्या दिवशी बोललो नाही, मग पुढे बोलायची वेळ गेली असं वाटत राहिलं. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत त्यांचं नाव 'डांबरशेठ' पडलं होतं. ते शेवटपर्यंत टिकलं. बाजारात, सोसायटीत, दशक्रियेला, लग्नात, लोक त्याच नावानं हाक मारत आणि ते 'ओ' देत.

नंतर त्यांनी दारं पुन्हा उघडली आणि पुट्टीची पात आणि डिझेल घेऊन ते सगळं डांबर खरवडून काढलं. फार किचकट काम होतं असं संतोष सांगतो. मी मदतीला गेलो नाही. मग मनीषाकडून गाडीसाठीच बनवलेली शीट आली, ती दारांना, जमिनीला, छताला लावली, वर फोम, दारांच्या कडांना रबर. ते झाल्यावर नवे स्पीकर. आधीच्या मालकानं डिकीत मोठा वूफर बसवला होता, तो मात्र काढून टाकला. मी विचारलं, "माणसं हौसेनं बसवतात, तुम्ही काढता?"

"धडधड नको, सर. माणसाचं बोलणं सुट्टं सुट्टं ऐकू आलं पाहिजे."

मला वाटलं, कीर्तनं ऐकायची असतील. पण नातेवाइकांत मी सांगताना 'म्हातारपणी गाडीत डीजे बसवतायत' असंच सांगत असे, कारण ते ऐकायला मजेशीर होतं. त्या काळात नवराबायको महिन्यातून एकदा तरी बारामतीला यायचे आणि आमच्या घरी न येता परत जायचे. विचारलं की म्हणायचे, स्पीकरच्या दुकानात काम होतं. मला त्याचा राग होता. साडू दारावरून जातो आणि पाणी प्यायला थांबत नाही, हे मी बायकोला वरचेवर ऐकवत असे.

दहाव्याला बोलताना हे सगळं मनात होतं. आधीचे वक्ते फार गंभीर बोलले होते, लोक कंटाळले होते. मी सोपानरावांच्या कामसूपणाबद्दल बोललो आणि मग भवानीनगरच्या लग्नाची गोष्ट सांगितली. 'डांबरशेठ' हा शब्द माईकवरून उच्चारला. गच्चीची शीट गाडीला लावणारा माझा साडू, अशी ती गोष्ट मी रंगवली. गुंडाळी कुणाची होती ते सांगितलं नाही. घाटावर हसू फुटलं. बायकांत बसलेल्या शालनकडे माझं लक्ष गेलं, तीही हसत होती. तिला आवडलं, असं मी धरून चाललो.

त्यानंतर काही आठवड्यांनी संतोषचा फोन आला. "काका, आई गाडी विकू देत न्हाय. चालवणारं कोण हाय आता? आन् रोज दुपारी शेडात जाऊन गाडीत बसती. काचा लावून. तासतासभर. गडीमाणसं बघत्यात. तुमी येऊन समजवा जरा."

मी गेलो. शालन खरंच गाडीत होती, चालकाच्या शेजारच्या जागेवर. मला पाहून तिनं हातानंच आत बोलावलं. चालकाची जागा अजून सोपानरावांच्या पायांच्या मापानं मागे सरकवलेली होती. मी बसलो आणि दार ओढलं. शेडबाहेर बागेत ट्रॅक्टरवर फवारणी चालू होती, शेजारी पाण्याची मोटार चालू होती, दोन्ही आवाज दाराबरोबर बाहेर राहिले. अशी शांतता मी आमच्या घरातही कधी अनुभवली नाही. शालन हळू आवाजात म्हणाली, "बसा दाजी. आता मनीचा फोन येईल."

फोन आला आणि मनीषाचा आवाज दोन्ही दारांतल्या स्पीकरमधून आला. स्वच्छ, जवळ बसून बोलल्यासारखा. तिनं विचारलं, जेवलीस का, गुडघा कसा आहे, संतोषदादानं बिल भरलं का. शालन प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर देत होती. मध्येच मुलीला टोमणाही मारला, "तुझा नवरा भाजी चिरतो म्हणं आता, आमच्या हितं येऊन दाखव म्हणावं." मी ऐकत राहिलो. गेली कित्येक वर्षं शालनला एक विचारलं की ती दुसरंच सांगायची, नाहीतर हसून मान हलवायची. आमच्या घरात तिला सगळे 'भोळी' म्हणत. मीही म्हणत असे.

फोन संपल्यावर तिनं पदर मागे करून कानामागचं मशीन दाखवलं. "लई वर्षं झाली ऐकू कमी येतंय. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून मी त्यांना शपथ घातली होती. भैरी म्हणून चार बायकांत नाव पडलं असतं. मशीन लावलं, पण घरात पोरं, टीव्ही, सगळ्याचा एकच कालवा व्हायचा. गाडीत बसलं तर गाडीचाच आवाज मोठा. मग त्यांनी ही गाडी गप केली. हितं मला सगळं ऐकू येतं. बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं जायचो, तवा जाता येता नुसतं बोलायचो आमी."

मी विचारलं, "आणि स्पीकरचं दुकान?"

"तुमच्याकडं आलो असतो तर ताईनं विचारलं असतं, कुठं गेला होता. त्यांना खोटं जमत न्हवतं जास्त."

मग तिनंच पुढे विचारलं, "दाजी, दहाव्याला तुमी माईकवर काय बोलला? भोंगा घुमत होता, मला एक अक्षर कळलं न्हाय. समदी हसली म्हणून मी पण हसले. कुणाला विचारायची लाज वाटली. काय होतं ते?"

तिथे न ऐकल्यासारखं करायची सोय नव्हती. मी सांगितलं, घाटावर सांगितलं होतं तसंच, त्या नावासकट. ती ऐकत असताना तिचा चेहरा मिटत गेला. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "दहाव्याला पण त्यांचं तेच काढलं का..." मग मी तिला उरलेलं सांगितलं. गुंडाळी माझ्या माळ्यावरची. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हणालो. लग्नात मी शेजारी उभा होतो.

"तुमची होती व्हय ती?" ती माझ्याकडे वळली. "मी त्यांना किती बोलले साडीवरनं. महिनाभर बोलले. एकदा तरी तुमचं नाव घ्यावं का न्हाय त्या माणसानं."

तिच्या बोलण्यात राग होता, तो माझ्यावर होता की त्यांच्यावर, मला कळलं नाही. मग ती म्हणाली, "ज्यांच्याम्होरं बोलला, त्यांच्याम्होरंच हे सांगा. मला एकटीला सांगून काय उपयोग?"

मी बरं म्हणून उतरलो. दार लावलं, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला गेलो तेव्हा लक्षात आलं, की हे सांगायचं तर तिच्या कानाचंही सांगावं लागेल. मी काचेवर वाकून विचारलं, "पेपरात लिहीन म्हणतो. तुझ्या ऐकण्याचं लिहिलं तर चालेल का?" शालन हसली आणि तिनं लगेच मान डोलावली.

ते हसू आणि ती मान मी आता ओळखतो. मी परत फिरून आत बसलो, दार लावून घेतलं आणि पुन्हा विचारलं.

या वेळी तिनं लगेच उत्तर दिलं नाही. पदर कानावरून पुढे घेतला, पुन्हा मागे सारला. मग म्हणाली, "लिहा. पण त्यांनी लपवलं असं लिहू नगा. मी लपवाय लावलं, असं लिहा."

तसंच लिहिलं आहे.