लग्नाची तीन अक्षरं

अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडच्या मराठी मंडळाचं वधू-वर नोंदणीचं पान मी एकटीने बांधलंय, आणि चांगलं बांधलंय. डेटाबेस हेच माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे मेळाव्याच्या दुपारी ते पान उघडेना, तेव्हा माझ्या हातून काही चुकलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. मंडळाचा तरुण चिटणीस मात्र घाबरला. "काकू, आजचं पोस्टपोन करू या का? पुढच्या वेळी सरळ रेडीमेड साइट घेऊ." त्याला मी चहाचं बघायला पिटाळलं.

मला घाई होती ती वेगळ्याच कारणाने. मूळची नागपूरची माझी मैत्रीण ओला रेनकोट अंगातच ठेवून दाराशी उभी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं आपापल्या गावी, संध्याकाळी टेबलावर ताट एकच. नाव नोंदव म्हणून मी तिचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ती आली होती. आज परत गेली असती तर पुन्हा फिरकली नसती, आणि ते मला फार लागलं असतं.

"काय करून राहिली गं? होत नसेल तर जाते मी," ती म्हणाली.

"गप उभी राहा."

घोळ लगेच सापडला. सर्व्हरवाल्यांनी आम्हाला न विचारता डेटाबेसची नवी आवृत्ती चढवली होती. मी रकान्यांना रोमन लिपीत आखूड नावं दिली होती. 'आधी लग्न झालंय का' या रकान्याला लग्नातली पहिली तीन अक्षरं, एल-ए-जी. जुन्या आवृत्तीची त्याला काही हरकत नव्हती. नव्या आवृत्तीने मात्र तोच शब्द, इंग्रजीतला 'लॅग' म्हणून, स्वतःच्या कामासाठी राखून ठेवला होता. त्यामुळे क्वेरीत, म्हणजे माहिती मागवायच्या आज्ञेत, माझं लग्न आलं की ती अडून बसायची. मला खो खो हसू आलं.

"काय झालं?"

"अगं, मी म्हणते लग्न, आणि या डेटाबेसला वाटतं मी मागच्या ओळीत काय होतं ते बघायला सांगतेय. नव्या आवृत्तीत त्या शब्दाचं कामच ते."

बोलून गेले आणि जीभ चावली. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"माझंही तेच होतं ना," ती म्हणाली. "कोणी लग्न म्हटलं की मी मागेच बघते."

मी उगाच कीबोर्ड पुढे ओढला.

"मग आता काय करशील?" तिने विचारलं.

"काय करणार? रकान्याचं नाव बदलणार."

"आणि आत जे लिहिलेलं आहे ते?"

"ते सगळं जसंच्या तसं राहतं. एक अक्षर पुसलं जात नाही."

"नक्की?"

"हे माझं काम आहे, बाई."

तिने रेनकोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि माझ्या शेजारी बसली.

"मग 'सोबत' लिही," ती म्हणाली.