बाहुलीच्या गोधडीतला घास

शहापुरात कुणाच्या बाहुलीला गादी-उशी हवी असली, की लोक आमच्या सापगावच्या सरस्वतीचं नाव सांगतात. पण तिने पहिली गादी शिवली, तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

९७ साली ती कमळाकर सुताराच्या घरी दुसरेपणावर आली. त्याची पहिली बायको काशी वारून दीड वर्ष झालं होतं. मुलगी कुणाली सहा वर्षांची. मी सुंदरा, भिंतीला भिंत लागून शेजारीण. काशी गेल्यापासून पोर दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवायची, आणि नवी आई आल्यावरही तिने ताट हलवलं नाही. सरस्वती दारातून हाका मारी, पोर माझ्या पदराआड. खरं सांगते, मला ते आवडायचं. नव्या बाईची जरा जिरली, असंही वाटायचं.

सरस्वती भिवंडीकडची. बोलायला भिडस्त, पण हाताची कसबी. कमळाकरने लेकीला फळकुटांचं बाहुलीघर करून दिलं होतं, त्यात वीतभर पलंग, नुसताच उघडा. भाताची कापणी उरकल्यावर सरस्वतीने मनावर घेतलं. काडेपेटीएवढी उशी, तिला अभ्रा, कापसाची गादी आणि नऊ तुकड्यांची गोधडी. टाके असे बारीक, की चष्मा लावूनही मोजता येईनात. मी नाक मुरडायला गेले होते, गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही.

कुणालीने गोधडी उलटसुलट केली, कोपरे दाबून पाहिले.

"यात घास कुठं हाय?"

सरस्वती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या माहेरी ही रीतच नव्हती. आमच्या आळीत गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत अन्नाचा घास ठेवतात.

"तुझी आय घालायची?" सरस्वतीने विचारलं.

"मंग! उपाशी गोधडीत थंडी वाजते."

सरस्वतीने कोपरा उसवला आणि डब्यातून चार तांदूळ आणले. पोर फिसकन हसली.

"कच्चं कोन खातंय? ताटातला लागतो. जिची गोधडी, तिच्या ताटातला."

बोलून गेली आणि मग तिच्याच लक्षात आलं. तिचं ताट या घरात नव्हतंच. मी घास आणून दिला असता, दहा पावलांचं काम. पण सरस्वतीचा चेहरा पाहिला नि मी बसून राहिले.

कुणालीने गोधडी पलंगावर ठेवली. मग पाटावर बसली. सरस्वतीने भात-आमटी वाढली. पोरीने आधी गोधडीसाठी दोन शितं बाजूला काढली आणि ताट पुसून खाल्लं. सरस्वतीने ती शितं कोपऱ्यात ठेवून टाके घातले. घरी येताना मला रडू आलं, अर्धं आनंदाचं, अर्धं हेव्याचं.

संध्याकाळी मात्र ती पुन्हा माझ्याकडेच जेवायला आली. दुसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी बाहुलीच्या पलंगाला लाल मुंग्या लागल्या. केलेलं सगळं पाण्यात गेलं म्हणून सरस्वती रडकुंडीला आली. कुणालीने गोधडी उन्हात झटकली, कोपरा उसवून आत बोट घालून पाहिलं. शितांचा मागमूस नव्हता.

"घास संपला की गो," ती सरस्वतीला म्हणाली. "आता रोज लागंल. मना वाढ आदी."