दुसऱ्यासाठी गाऱ्हाणं

किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत चालत जायचं, हा आम्हा दोघा मित्रांचा दरवर्षीचा नेम. मध्ये एक दिवस विसावा, तो मालवणात, ओळखीच्या एका काकांकडे. काका समोरच्याला थेट काही विचारत नाहीत. आमचे पाय सुजलेले दिसले तर दारातल्या तुळशीला सांगतात, "आज मीठपाणी तापवूक होया गो."

यंदा मला एकट्याला पाहून ते अंगणातल्या कोंबड्याला म्हणाले, "ह्या वर्सा एकटेच रे?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मित्राचं त्या दिवशी पुण्यात ऑपरेशन होतं. चालत असतो तर दिवस निभावला असता, पण तो नेमका विसाव्याचा दिवस. धक्क्यावर जाऊन समोरचा किल्ला बघत बसलो, पण हात खिशातल्या फोनवरच.

आम्ही निघताना काका दरवर्षी, वाट सुखरूप होऊ दे म्हणून, देवाला गाऱ्हाणं घालतात. यंदा त्यांनी आदल्या संध्याकाळीच देवापुढे नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, एक इलो हा. दुसरो मागसून येतलो. तेका वाटेर सांभाळ रे म्हाराजा!"

यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. बाकी कोणी नव्हतंच. होतो तो मी एकटाच.

काका हात जोडून उभे राहिले. मी म्हणेपर्यंत त्यांनी नारळ फोडला नाही.