पर्युषणात बंद केलेला फ्रीज

मुलांनो, तुमच्या मामेबहिणीबद्दल तुमच्या आईनं तुम्हाला अर्धंच सांगितलं असेल. उरलेलं मी, तुमच्या आजीनंच सांगायला हवं, कारण चूक माझी आहे.

तिच्या किडन्या जन्मापासून दुबळ्या. वय नऊ, पण ओतूरच्या शाळेत पहिलीतली मुलंही तिच्याहून उंच दिसतात. पुढे किडनी बदलावी लागेल. त्याआधी तिचं अंग वाढलं पाहिजे. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं, रोज संध्याकाळी एक. तुमच्या मामानं तीन महिन्यांच्या कुप्या एकदम आणल्या. सोबतचा इंग्रजी कागद मी वाचला आणि औषध फ्रीजमध्ये सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

मग आपलं जैनांचं पर्युषण आलं. त्या आठ दिवसांत आपल्याकडे हिरवी भाजी नसते, शिळं नसतं, त्यामुळे फ्रीज रिकामाच. दरवर्षी मी तो बंद करून धुते. यंदाही केला, आणि औषधाचा डबा शेजारच्या शेतकरी बाईंकडे दिला.

"ठेवा की काकी," त्या म्हणाल्या. "आमचा फ्रीज लई गार हाय. मागं ठेवलेली टमाटी दगडावानी व्हत्यात."

मला उलट बरं वाटलं. जितकं गार, तितकं औषध सुरक्षित.

रोज संध्याकाळी मी डबा आणायची. पाचव्या दिवशी सगळ्या कुप्यांत बर्फ झालेला. मी त्या एकेक करून मुठीत धरल्या. पाण्यासारख्या नितळ झाल्या. घरी येऊन कागद पुन्हा काढला: गोठल्यास वापरू नये. ही ओळ मी आधीही वाचली होती.

"आई, आणलंत का?" तुमच्या मामीनं आतून विचारलं.

मी डबा तिच्या हातात दिला. माझ्या हातून काही चुकत नाही असं घरात सगळे मानत. मीही मानत होते.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, रीतीप्रमाणे वर्षभराच्या चुकांची माफी मागत प्रत्येकापुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. पोरीपुढे आले, तर ती म्हणाली, "दादी, तू तर मला कधी रागवत पण नाहीस. माफी कशाची?"

"अशी रीत असते."

"बरं, जा. केलं माफ."

पुढे दर रविवारी ती चौकटीला पाठ लावून उभी राहायची. पेन्सिलची रेघ जुन्याच रेघेवर यायची. "टाच टेकव नीट," मामी म्हणायची, जणू टाचेचाच दोष.

तीन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांनी उंची दोनदा मोजली. "काही फरक नाही. हिला हे औषध लागू पडत नाही असं दिसतंय. बंद करू या."

मामीनं मान डोलावली. गप्प राहिले असते, तर पोरीची वाढ तिथंच थांबली असती. मी सगळं सांगितलं, वाचलेल्या ओळीसकट. पोर समोरच बसली होती.

"औषध बंद करत नाही," डॉक्टर म्हणाले. "नव्या कुप्या घ्या. पण आजी, किडनीचे रिपोर्ट उतरत चाललेत. हे तीन महिने परत मिळायचे नाहीत."

परतताना आळेफाट्याला गाडी ओतूरकडे वळली. मग पोरीनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणाले. ती खिडकीकडे वळली.

नवं औषध सुरू होऊन पंधरा दिवस झालेत. किडन्या किती तग धरतील, हे डॉक्टरही सांगत नाहीत. इंजेक्शन आता मामीच काढते, मामीच देते. पुढच्या तपासणीला त्या दोघीच जाणार आहेत.